ऐकून काढायचा नकाशा

कांदिवली पूर्व
२१ जानेवारी २०२४

अनिरुद्ध,

ईमेलला तू उत्तर देत नाहीस, फोन नुसता वाजत राहतो, म्हणून शेवटी काल पोस्टात दर विचारायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पत्रच पाठवायचंय ना? दुसरं काही नाही ना आत?" म्हटलं, नाही हो, नुसतं पत्र. रॉटरडॅमचा पत्ता केतनने दिला. त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याला भंडावून सोडलं होतं.

विषय तुझ्या आईचा आहे. घाबरू नकोस, बरं चाललंय. इतकं बरं चाललंय की कोणाला तरी सांगावंसं वाटतंय, आणि ते ऐकायचा पहिला हक्क तुझा.

काका गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला आला होतास तेव्हा जाताना तू मला जिन्यात म्हणाला होतास, माळ्यावरची माझी खोकी रद्दीत दे. मग तू काकूंना फ्लॅट विकून तळेगावच्या त्या ज्येष्ठांच्या वसाहतीत जायला सांगितलंस, त्या नाही म्हणाल्या, आणि पुढे जे झालं ते खाली आमच्या घरात मलाही ऐकू आलं. त्यावर मी बोलणार नाही. खोक्यांवर बोलणार आहे.

गेल्या महिन्यात काकूंनी हाक मारली, "श्रुतिका, वर ये जरा. यातलं काही कळत नाही मला." वर गेले तर जेवायच्या टेबलावर आपली सगळी पुस्तकं पसरलेली. नियमांची, राक्षसांची, तुझे हाताने काढलेले नकाशे, फाशांची ती पिशवी. ज्या खेळापायी आपण कॉलेजची वर्षं वाया घालवली असं काका म्हणायचे तो सगळा खेळ. काकूंनी नियमांचं पुस्तक अर्ध्यापर्यंत वाचलं होतं. पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

"यात एकजण रेफ्री," त्या म्हणाल्या. "तो सांगणार, तुम्ही अमुक जागी आहात. बाकीचे सांगणार, आम्ही तमुक करतो. आणि शंका आली तर फासा. बरोबर?"

"बरोबर."

"आणि यातली माणसं इतकी पटकन मरतात?"

"जुन्या पद्धतीचा खेळ आहे ना काकू. नव्या खेळांत सहसा कोणी मरत नाही. यात सांभाळून चालावं लागतं."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रविवारी केतनला बोलाव. मी रेफ्री."

मला वाटलं गंमत करतायत. रविवारी मी, केतन आणि भांडुपच्या शुभामावशी असे तिघे बसलो. शुभामावशी म्हणजे काकूंच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रीण. त्या रमी समजून आल्या होत्या.

काकूंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली, ट्रंककॉलपासून चौकशीच्या नंबरापर्यंत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या आवाजाने काय करता येतं ते माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमच्यासमोर दार आहे. लाकूड ओलं आहे. पलीकडे कोणीतरी तुमच्यासारखंच गप्प उभं आहे." आणि थांबल्या. एवढंच. शुभामावशींनी हातातली चकली परत ताटलीत ठेवली.

तू रेफ्री असायचास तेव्हा आम्ही तुझं ऐकायचो. झकास सांगायचास, नाही म्हणत नाही. पण काकू रेफ्री असतात तेव्हा त्या आमचं ऐकतात. "काय करतेस?" विचारतात आणि खरंच थांबतात. आयुष्यभर लोकांच्या अर्धवट बोलण्यातून त्यांना नेमकं कोण हवंय ते ओळखत आल्यात, त्याचं असं होत असेल.

संध्याकाळी खालून माझी आई ओरडली, "श्रुतिका, तुमचो राक्षस मेलो काय नाय गो अजून?" राक्षस मेला नव्हता. आम्ही दोघे मेलो होतो. शुभामावशी जिवंत होत्या आणि घरी जायला तयार नव्हत्या.

श्रुतिका


कांदिवली पूर्व
१० मार्च २०२४

अनिरुद्ध,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. लिहायची सवय लागलीय आता.

परवाचं सांगते. आम्ही तुझ्या जुन्या डोंगरी किल्ल्याच्या नकाशावर खेळत होतो, तो गुहांवाला, जो तू दुसऱ्या वर्षाला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काढला होतास. तिसऱ्या दालनात ते बुटके राक्षस भेटले, गॉब्लिन. केतनने लगेच फासा उचलला.

"वार करतो."

काकू म्हणाल्या, "का?"

"गॉब्लिन आहेत ना काकू."

"म्हणून?"

"अहो, पुस्तकात लिहिलंय. ते जन्मतःच दुष्ट असतात."

काकूंनी चष्मा काढला. "जन्मतः?"

काय बोलून बसलो आणि कोणापुढे, हे केतनला तेव्हा कळलं. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

"हे कोणी ठरवलं?"

"पुस्तक लिहिणाऱ्याने," केतन हळूच म्हणाला.

"आणि इतकी वर्षं तुम्ही खेळताय, कोणीच त्याला विचारलं नाही?" आवाज चढला नव्हता. त्यांनी चष्मा परत लावला. "माझ्या टेबलावर जन्मावरून काही ठरणार नाही. ते तिथे का उभे आहेत ते आधी विचार. मग वार करायचा असेल तर कर."

मग त्यांनी तेच जुनं पुस्तक उघडून आम्हालाच दाखवलं. त्यात एक छोटासा तक्ता आहे, आठवतो? अनोळखी कोणी भेटलं की दोन फासे टाकायचे, त्यावरून ते रागावलेत, घाबरलेत की बोलायला तयार आहेत ते ठरवायचं. आपण तो कधी वापरला नाही. आपल्याला मारायची घाई असायची. "सोय करून ठेवली होती त्यांनी," काकू म्हणाल्या. "तुम्ही पान उलटून पुढे गेलात."

केतनने फासे टाकले. चांगले पडले. त्याने विचारलं, "तुम्ही इथे का उभे आहात?"

काकूंनी उत्तर दिलं, पण त्यांच्या आवाजात नाही. दमलेला, घसा कोरडा पडलेला असा कोणीतरी बोलला: "आम्हाला सांगितलंय."

"कोणी?"

"वरून आवाज आला होता. आमच्या आजोबांच्या आजोबांना."

यार, अंगावर काटा आला. त्या दिवशी खेळ तिथेच थांबला, कारण काकू म्हणाल्या, पुढचं मला अजून माहीत नाही. विचार करून सांगते.

श्रुतिका


कांदिवली पूर्व
१५ एप्रिल २०२४

अनिरुद्ध,

काल चौदा एप्रिल. काकू सकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेल्या, दुपारी वसाहतीतल्या पोरांना खीर वाढली, आणि चार वाजता घरी येऊन आम्हाला म्हणाल्या, "बसा. झालाय माझा विचार."

आता तुझा किल्ला तुझा राहिलेला नाही. नीट ऐक.

डोंगराच्या पोटात एका राणीचा किल्ला. सगळ्या दालनांतून तिने मातीच्या नळ्या फिरवल्यात, भिंतीतून, जमिनीखालून. राणी आपल्या खोलीत बोलली की कोणत्याही पहाऱ्यावर ऐकू जायचं. राणी गेली, वंश बुडाला, नळ्या जागोजागी फुटल्या. पण तिची शेवटची आज्ञा अजून त्या नळ्यांत फिरतेय. ज्या दालनात कान लावाल तिथे तिचा एक तुकडा ऐकू येतो. तू ज्यांना गॉब्लिन म्हणायचास ते तिचे पहारेकरी. पिढ्यानपिढ्या एका मोठ्या दाराशी उभे. त्यांना आज्ञेचा अर्धाच भाग पोचलाय, आणि तेवढ्यावर ते दार बंद ठेवून आहेत.

राहिलेला अर्धा भाग काय होता ते मी तुला सांगणार नाही. खेळून शोधायचा असतो तो. आम्हाला काल चार तास लागले, आणि सापडला तेव्हा केतन बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

मी त्याच संध्याकाळी म्हटलं, काकू, हे छापू या. तुला माहीतच आहे, जगभर लोक हेच करतायत. जुन्या खेळांसाठी घरीच पुरवण्या लिहितात, कोणी एक किल्ला, कोणी एक गाव, कोणी नुसते राक्षस. स्वतःच मांडणी करतात, पातळ पुस्तिका छापतात, पिन मारतात, विकतात. कोणा प्रकाशकाच्या दारात जायला लागत नाही. मांडणी मी करेन, दिवसभर गोरेगावच्या त्या ऑफिसात शाळेच्या गाईडांची पानं लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

"मराठीत?" त्यांनी विचारलं.

"मराठीत."

"कोण घेणार?"

"आपल्यासारखे दुसरे चारजण असतीलच की."

त्या हसल्या. मग तुझा नकाशा पुढे ओढला. "हा त्याचा आहे. त्याला विचारल्याशिवाय छापायचा नाही."

"मग विचारा ना."

"मी नाही विचारणार," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

त्यामुळे मी विचारतेय, त्यांना न सांगता. अनिरुद्ध, नकाशा वापरू का? तुझं नाव घालू. नुसतं 'हो' लिहून पाठवलंस तरी चालेल.

श्रुतिका


कांदिवली पूर्व
९ जून २०२४

अनिरुद्ध,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. काकूंनी तसं वचन घेतलं होतं. आज ते मोडतेय.

मार्चपासून त्यांचा आवाज बसत होता. आम्हाला वाटलं, रविवारी चार-चार तास वेगवेगळ्या आवाजांत बोलतात, त्याने असेल. गरम पाणी, ज्येष्ठमध, सगळं झालं. एप्रिलच्या शेवटी कुजबुजण्यापलीकडे काही निघेना. घशाच्या डॉक्टरांनी आत कॅमेरा घालून बघितलं. स्वरयंत्राच्या पडद्यावर गाठ आहे. ती काढली, तपासायला पाठवली, आणि सांगितलं की अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. पुढे आवाज किती परत येईल ते आता सांगता येत नाही.

गाठ कसली आहे त्याचा रिपोर्ट यायचाय. मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. पण हे तुला माहीत असायला हवं असं मला वाटतं, आणि काकूंना तसं वाटत नाही, आणि मी त्यांचं सगळंच ऐकते असं नाही.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात शुभामावशी रडायला लागल्या. काकूंनी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि पेपरच्या समासात लिहिलं: "रडू नकोस. रविवारी खेळ कोण घेणार ते ठरवा."

कोणालाच घेता येईना. मी प्रयत्न केला, वाट लावली. किल्ला सगळा काकूंच्या डोक्यात, आणि त्या बोलू शकत नाहीत. तेव्हा त्या पुस्तक लिहायला बसल्या. आधी ती हौस होती. आता ज्याच्या हातात पडेल त्याला हा किल्ला चालवता आला पाहिजे, त्या नसल्या तरी.

'नसल्या तरी' हे शब्द त्यांनीच पाटीवर लिहिले. पोरांची पांढरी पाटी आणलीय मी. मी ते पुसायला गेले तर हात बाजूला सारला.

कशा लिहितात ते सांगते. एक दालन लिहून झालं की मला मोठ्याने वाचायला लावतात. मी जिथे अडखळते तिथे खूण करतात आणि वाक्य मोडून परत लिहितात. पाटीवर लिहिलं, "रेफ्रीला श्वास कुठे घ्यायचा ते कळलं पाहिजे." सगळी विशेषणं छाटून टाकली. मी म्हटलं, काकू, जरा वर्णन हवं ना, 'भयाण' वगैरे. त्यांनी लिहिलं: "भीती खेळणाऱ्याला वाटू दे. आपण फक्त सांगायचं की पायरी ओली आहे."

मी इतकी वर्षं पुस्तकांची पानं लावतेय. लिहिणं काय असतं ते मी या उन्हाळ्यात त्या टेबलावर शिकले.

नकाशाचं उत्तर तुझ्याकडून आलं नाही. काकूंना मी विचारलंय हे कळलं होतं. तुला टपाल टाकलं की माझा चेहरा बदलतो म्हणे. त्यांनी काही दिवस वाट पाहिली. मग तुझा नकाशा घडी घालून परत खोक्यात ठेवला, आणि पाटीवर लिहिलं: "नकाशा नको."

"नकाशाशिवाय किल्ला कसा चालेल?"

त्यांनी लिहिलं, "राणीला तरी कुठे नकाशा होता? तिला नुसते आवाज होते. प्रत्येक दालनात पुढच्या दालनाचा आवाज ऐकू येतो, तेवढं लिहू. नकाशा खेळणाऱ्यांनी ऐकून काढायचा."

आणि मधल्या दोन पानांवर नुसत्या रिकाम्या चौकटी. अनिरुद्ध, मी जगातल्या शेकडो पुरवण्या पाहिल्यात, तूही पाहिल्यास. हे कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

श्रुतिका


कांदिवली पूर्व
२५ ऑगस्ट २०२४

अनिरुद्ध,

आधी महत्त्वाचं: गाठ साधी निघाली. जूनमध्येच रिपोर्ट आला होता, तेव्हा तुला चार ओळींचं कार्ड टाकलं होतं, मिळालं असेल. आवाज मात्र हळूहळू येतोय. दिवसातून थोडं बोलायची परवानगी आहे, बाकी पाटी.

आता पुस्तक. पहिल्या छपाईत जोडाक्षरं फुटली. 'पहारेकऱ्यांच्या' या शब्दाचा असा चुराडा झाला की बघवेना. भांडुपच्या गाळ्यातल्या छपाईवाल्याने म्हटलं, ताई, चालतंय, समजून घेतील लोक. मी म्हटलं, चालवून घेईन, कंटाळले होते. काकूंनी पाटी वर धरली: "नाही चालत." दोन आठवडे फॉन्टशी मारामारी केली, आणि प्रत्येक पान काकूंनी बोट ठेवून तपासलं. आता एक काना इकडचा तिकडे नाही.

मुखपृष्ठावर चित्र नाही. काळ्यावर पांढरं नाव, 'नळ्यांचा किल्ला', आणि खाली 'मालन चंद्रप्रकाश वानखडे'. पहिली प्रत हातात आली तेव्हा त्यांनी नावावरून बोट फिरवलं, आणि मग पिन नीट बसलीय का ते बघितलं.

गेल्या रविवारी अंधेरीला एका हॉलमध्ये या खेळवाल्यांचं संमेलन होतं. आम्ही टेबल घेतलं. काकू, मी, केतन. सगळीकडे इंग्रजी पुस्तकं, चकचकीत मुखपृष्ठं, खेळातल्या पात्रांच्या रंगवलेल्या छोट्या मूर्ती. आमच्या टेबलावर काळ्या पुस्तिकांचा गठ्ठा. एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "आजी कोणाला तरी सोडायला आल्यात वाटतं." मला असा राग आला, पण काकू त्याच्याकडे बघून हसल्या, तर तोच ओशाळला.

दुपारपर्यंत कोणी थांबलं नाही. मग मुलुंडची एक मुलगी आली, तेजल नावाची. तिने एक प्रत उचलली, उभ्याउभ्या वाचायला लागली. पान उलटलं. परत मागचं पान उलटलं. मला म्हणाली, "हे मी आत्ता घेऊ शकते? म्हणजे खेळायला? इथेच?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

तिने चार अनोळखी माणसं गोळा केली. त्यात तो 'आजी' म्हणणारा मुलगापण बसला. तेजलने पुस्तक उघडलं आणि पहिलं दालन वाचलं. आणि अनिरुद्ध, ती बरोबर तिथेच थांबली. जिथे काकू थांबायच्या तिथे. पायरी ओली आहे म्हणाली आणि गप्प बसली, आणि चारही जणांचे चेहरे बदलले.

काकू शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर पाटी. त्यांनी ती पाटी एकदाही उचलली नाही. एका ठिकाणी तेजलचं चुकलं, तिने दुसऱ्याच दालनाचा आवाज वाचला. मी उठायला लागले तर काकूंनी माझा हात धरून बसवलं. ती चूक त्या खेळणाऱ्यांनी किल्ल्यात सामावून घेतली, त्यातून एक वेगळाच रस्ता निघाला, काकूंनाही माहीत नसलेला. तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. दुसऱ्या कोणाच्या तोंडून आपलं घर ऐकत होत्या आणि त्यात एक नवी खोली सापडली होती.

पहारेकरी भेटले तेव्हा त्या मुलाने फासा उचलला. मग ठेवला. "तुम्ही इथे का उभे आहात?" असं विचारलं. कोणी शिकवलं नव्हतं, पुस्तकात तसा नियम नाही. पुस्तकात एवढंच आहे की पहारेकरी दमलेले आहेत.

शेवट काय झाला ते सांगत नाही. पण खेळ संपल्यावर तो मुलगा काकूंच्या पाया पडायला वाकला. काकूंनी त्याला अडवलं, आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलल्या. खरखरीत, खोल आवाज, ओळखू न येणारा. म्हणाल्या, "पाया नको पडू रे. नकाशा दाखव तुझा, कसा काढलास."

संध्याकाळी आमचा गठ्ठा संपला होता.

मी तुला पुस्तक पाठवत नाहीये. मुद्दाम. सोबत फक्त मधलं पान आहे, चौकटींचं.

श्रुतिका


कांदिवली पूर्व
१७ नोव्हेंबर २०२४

अनिरुद्ध,

आता तू मला रोज फोन करतोस, मग पत्र कशाला, असं म्हणशील. पण कालच्या शनिवारी तू जे स्क्रीनवरून पाहिलंस त्याच्या आजूबाजूचं तुला दिसलं नाही, आणि काकू स्वतः ते कधीच सांगणार नाहीत. म्हणून हे शेवटचं.

तुझा पहिला फोन मला आला होता, "हे रिकामं पान काय आहे?" मी म्हटलं, खेळ, मग कळेल. मग म्हणालास, "ती घेईल मला?" तुझा तो आवाज मी काकूंना सांगितला नाही. नुसतं म्हटलं, अनिरुद्ध खेळायचं म्हणतोय.

काकू तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "खुर्चीवर लॅपटॉप ठेव. माणसासारखा बसू दे सगळ्यांत. पण त्याच्यासाठी वेगळे नियम नाहीत हं."

डॉक्टरांनी त्यांना अजून सलग बोलायला बंदी केलीय. म्हणून गुरुवारपासून त्या कोणाशी बोलल्याच नाहीत. दूधवाल्याशी नाही, शुभामावशींशी फोनवर नाही, माझ्याशीही पाटीवर. मी विचारलं, दुखतंय का? पाटीवर लिहिलं: "साठवतेय."

तू स्क्रीनवर आलास, त्यांचा आवाज ऐकलास आणि तुझा चेहरा पडला. पत्रात वाचणं वेगळं असतं, माहितेय मला. "आई, तुझा आवाज..." म्हणालास. त्या म्हणाल्या, "आवाजाचं नंतर. तुम्ही डोंगराच्या पोटाशी उभे आहात. वारा आतून बाहेर येतोय." तेव्हा टेबलाखाली त्यांनी माझा गुडघा घट्ट धरला होता. सगळं पहिलं दालन होईपर्यंत.

तू घाई केलीस आणि विहिरीच्या दालनात मेलास. तुला वाटलं असेल, आई फासा लपवून टाकेल, वाचवेल. त्यांनी सगळ्यांसमोर टाकला. एक पडला. केतन "अरेरे" म्हणाला. काकू म्हणाल्या, "बुडाला. नवं पात्र बनव. आम्ही थांबतो." आणि खरंच थांबल्या. तुला हसू फुटलं तेव्हा शुभामावशींनी तोंडावर पदर धरला होता, तो हसायला नव्हता.

दुसरं पात्र घेऊन आलास तेव्हा तू वेगळा खेळलास. हे तुला कळलं का? प्रत्येक दालनात शिरायच्या आधी थांबून विचारत होतास. डावीकडे काय ऐकू येतंय? पाण्याचा की माणसाचा? आई, परत सांग. आणि तू चौकटी भरत होतास, खाली मान घालून. कॅमेऱ्यात नुसतं तुझं डोकं दिसत होतं, मधोमध विरळ झालेलं. काकू त्या डोक्याकडेच बघून सांगत होत्या.

राणीच्या खोलीत तुला तो तुकडा सापडला. "पाणी ओसरेपर्यंत." तू पेन्सिल खाली ठेवलीस. दाराशी जाऊन पहारेकऱ्यांना सगळी आज्ञा सांगितलीस: पाणी ओसरेपर्यंत दार उघडू नका. आणि मग तू हळूच म्हणालास, "पाणी कधीच ओसरलंय."

काकूंनी पहारेकऱ्यांच्या आवाजात उत्तर द्यायला हवं होतं. पुस्तकात लिहिलंय काय म्हणायचं ते. त्यांच्याच्याने बोलवेना. तुला वाटलं, घसा दुखला, तू घाबरून विचारलंस. मी म्हटलं, हो, घसा दुखतोय, आज इथेच थांबू. ते खोटं होतं.

लॅपटॉप बंद केला, शुभामावशी आणि केतन गेले. मी कप उचलत होते. काकू तशाच बसल्या होत्या, तुझ्या खुर्चीसमोर. पाटी जवळ होती पण ती घेतली नाही. त्या खरखरीत आवाजात, शिल्लक होता तेवढ्यात, म्हणाल्या,

"श्रुतिका, सगळी दुपार तो मला विचारत होता गं. पुढे काय आहे, आई. आणि मी सांगत होते."

श्रुतिका